भंगाराला कोणी रॉकेल पाजतं का?

मित्रांनो, समुद्र देवाने निर्माण केला हे खरे, पण त्या समुद्रावर माणसाला राज्य मिळवून दिले ते मी. मी एक जुनी मोटार आहे, मच्छीमारी होडीच्या पाठीला लावतात ती. हे राज्य दोरीच्या पहिल्या हिसक्याला कधी सुरू झाले नाही, एवढेच. आमचा मालक लासर दोरी ओढून ओढून घामाघूम होई, मग मला एक सणसणीत शिवी हासडी, आणि मग मी सुरू होई. प्रत्येकाची एक सवय असते.

माझा जन्म जपानात झाला. तिथले काही आठवत नाही, कारण मी खोक्यात होते. डोळे उघडले ते केरळच्या किनाऱ्यावर, विळिंजम बंदराच्या जरा खाली, 'आरोग्यमाता' नावाच्या होडीवर. सकाळी घोटभर पेट्रोल आणि मग दिवसभर रॉकेल, हा माझा आहार. होडी वाळूला लागली की मला बांबूला बांधून लासर आणि त्याचा मेहुणा क्लेमेंट खांद्यावरून घरी आणत. गावातल्या कितीतरी नवऱ्यांना हा मान उभ्या जन्मात मिळालेला नाही.

घरी त्रेसिया वाट पाहत असे. ती लासरची बायको आणि क्लेमेंटची थोरली बहीण. आधी मला गोड्या पाण्याने आंघोळ, मग त्या दोघांना कप्पा, म्हणजे उकडलेला साबूकंद, आणि बांगड्याचे कालवण, असा तिचा क्रम. क्लेमेंट कुरकुरला की ती म्हणे, "एकाच होडीत माझं सासर नि माहेर बसतं. ही बंद पडली तर दोन्ही बुडतील. तू बुडलास तर एकटाच बुडशील. जेव उशिरा."

पुढे माझे वय झाले. मी खोकू लागले, धूर सोडू लागले. क्लेमेंट म्हणाला, "भावोजी, आपण मासे धरायला जातो की दर्यावरचे डास मारायला?" लासर हसला. मला ते हसणे लागले.

मग एके दिवशी नवी मोटार आली. गोरीपान, गुळगुळीत, बटण दाबले की सुरू. दोरी नको, शिवी नको. मी नारळाच्या सोडणांमागे जाऊन पडले, आणि मला भंगारवाल्याला द्यायचे ठरले.

"अहो, जुनीही सोबत असू द्या," त्रेसिया म्हणाली. "दर्या अजून शांत नाही."

"दोन दोन मोटारी घेऊन गेलो तर गाव काय म्हणेल? लासरचा नवीवर भरवसा नाही म्हणेल. अगं, फादर आशीर्वाद देणार आहेत तिला!"

रविवारी प्रार्थना संपल्यावर फादर मंत्रजल घेऊन वाळूवर आले. ते नव्या मोटारीवर शिंपडणार, तेवढ्यात लासर म्हणाला, "थांबा फादर, आतपर्यंत पोचू दे."

"लासर, देवाला झाकण अडत नाही."

"देवाला नाही अडत हो. पाण्याला अडतं." आणि त्याने झाकण उघडले.

फादर भिडस्त माणूस. त्यांनी भांडे रिकामे केले. वर लासरकडून शब्द घेतला, की आशीर्वादाच्या मोटारीसमोर यापुढे शिवी नाही.

सोमवारी पहाटे त्रेसिया भावाला म्हणाली, "जाताच आहात तर हे भंगार होडीत टाका. भंगारवाला बंदराजवळच राहतो. येताना त्याला देऊन या." क्लेमेंटने मला होडीत लोटले. मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. एक गोष्ट मात्र मला कळेना. आदल्या संध्याकाळी तिने माझी टाकी गळ्यापर्यंत भरली होती, पेट्रोलची बाटलीसुद्धा शेजारी बांधली होती. भंगाराला कोणी रॉकेल पाजतं का?

नवी पळाली मात्र झकास. खोटे कशाला बोलू? जाळे भरले, आणि होडी बंदराकडे वळली. बंधाऱ्याचे दगड दिसू लागले तेवढ्यात नवीने एक उचकी दिली आणि ती गप्प झाली. आशीर्वाद आत कुठेतरी दबा धरून बसला होता, तो नेमका तारांत उतरला. लासरने बटण दाबले, परत दाबले, पुसून दाबले. लाटा होडीला दगडांकडे ढकलू लागल्या.

"भावोजी, म्हातारीला लावा!"

दोघांनी नवीला उचलून जाळ्यावर निजवले, मला चढवून स्क्रू आवळले. लासरने दोरी ओढली. मी खोकले. पुन्हा ओढली. पुन्हा खोकले.

"शिवी द्या भावोजी!"

"फादरना शब्द दिलाय."

"मग मी देतो." आणि त्याने दिली. मी हलले नाही.

"तुझी ऐकत नाही ती," लासर म्हणाला, तेवढ्यातही थोड्या अभिमानाने.

"दगड बघा! ताईला काय तोंड दाखवणार?"

लासरने दगड पाहिले. मग डोळे मिटून, क्रुसाची खूण करून, त्याने अशी शिवी घातली की इतक्या वर्षांच्या संसारात मी ती ऐकली नव्हती. मी धडाडून उठले. एवढा धूर सोडला की बंधारा दिसेनासा झाला, आणि त्याच धुरातून दोघांना घरच्या वाळूवर आणले.

किनाऱ्यावर त्रेसिया उभी होती. तिने आधी नवरा पाहिला, मग भाऊ, मग मला. म्हणाली, "भंगारवाला भेटला नाही वाटतं?" आणि आंघोळीचे पाणी आणायला गेली. पाठ वळल्यावर तिने पदराने डोळे पुसले, ते फक्त मला दिसले.

लासरने फादरना शिवीचे सांगितले. फादर म्हणाले, "निम्मं पाप माझं. पाणी मी ओतलं." शिवी कोणती, हे मात्र त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले.

नवी दोन दिवस उन्हात वाळली आणि आता चांगली चालते. होडीत मीही रोज असते, आडवी, भरल्या टाकीनिशी. काम नवीचे, भरवसा माझा. या वयात आणखी काय हवे? मित्रांनो, नवे अवश्य आणा, पण जुन्याला गोड्या पाण्याने धुवायला विसरू नका. आणि कधी आमच्या किनाऱ्यावर आलात तर क्लेमेंटला एवढे सांगा. तो दुपारी मला उशाला घेऊन झोपतो. झोपू दे, पण डोक्याला तेल जरा कमी लाव म्हणावे. मला रॉकेलची सवय आहे, खोबरेल सोसत नाही.