खोबरेलावरची गाडी

लिनुसची गाडी गेली की मागं तळणाचा वास राहायचा. गावातली कुत्री त्या वासानं पिसाळल्यासारखी पळायची आणि पोरं ओरडायची, "रताळी तळून चालले." आज पहाटेही कुत्री धावली, पण पोरांना आयांनी आत ओढून घेतलं होतं. गाडीच्या मागच्या हौद्यात लिनुसचा मेव्हणा कोइरा पडला होता आणि त्याच्या मांडीत गोळी होती.

नाकेबंदीचं हे चौथं वर्ष. खाणीनं डोंगर पोखरून नेला, तेव्हा बूगनव्हिल बेटानं देशाच्या राजधानीला सांगितलं की आता आमचं आम्ही बघतो. त्यावर राजधानीनं फौज पाठवली, किनाऱ्याभोवती गस्तीच्या बोटी लावल्या आणि डिझेल, मीठ, साबण, औषधं सगळं बंद केलं. नारळ कोण बंद करणार? ते झाडावर होते. बायकांनी नारळ खवायचे, पिळायचे, रात्रभर ठेवून वर आलेलं तेल कढवायचं, जुन्या सदऱ्यातून गाळायचं आणि ते लिनुसच्या टाकीत जायचं. लिनुस पूर्वी खाणीच्या गॅरेजात होता. टाकीतून इंजिनाकडं जाणाऱ्या तांब्याच्या नळीला त्यानं सायलेन्सरभोवती वेढे दिले होते, म्हणजे जाड तेल तापून पातळ होत जायचं. किनाऱ्यावर ती गाडी कधी अडली नव्हती.

त्याच पहाटे अंधारात पुलाजवळच्या चकमकीत कोइराला गोळी लागली. रक्त थांबावं म्हणून मांडीवर पट्टी घट्ट आवळली होती, पण अशी पट्टी फार वेळ ठेवली तर पाय जातो, आणि सोडली तर माणूस जातो. खिंडीपलीकडं दोबेरीला झाडांखाली लपवलेला दवाखाना होता. तिथं सिस्टर इमाकुलाता होती, आणि तिच्याकडं सलाईनच्या शेवटच्या बाटल्या. दुपारपर्यंत तिथं पोचायचं होतं.

गाडीत तिसरं माणूस म्हणजे लिनुसची सासू, कोइराची आई. लग्न झाल्यापासून लिनुसनं तिचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, तिच्या डोळ्यात पाहिलं नव्हतं, तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तीही नाही. जावई आणि सासू यांची रीतच तशी. हौद्यात ती त्याच्याकडं पाठ करून, केवड्याच्या पानांचं इरलं डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून बसली होती. मांडीवर करंडीत एक कोंबडी होती, सिस्टरला द्यायला.

केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती, त्यामुळं बोलणं ऐकू जायचं. पण जायचं ते कोइराच्या मार्फत.

"कोइरा, तुझ्या दाजीला सांग, खड्डे बघून चालव म्हणावं."

"दाजी, आई म्हणते खड्डे बघून."

"आईला सांग, खड्डे टाळायचे तर रस्ताच सोडावा लागेल."

"आई, तो म्हणतो, तू सांगशील तसं."

"मी काय बहिरी आहे? काय म्हणाला ते ऐकलं मी."

"मग मला कशाला राबवता दोघं? गोळी लागलीय मला," कोइरा म्हणाला आणि हसता हसता कण्हला.

लिनुसला त्या हसण्यानं बरं वाटलं. माणूस थट्टा करतोय म्हणजे शुद्धीत आहे. चढ सुरू झाला तसा तो मधूनमधून काहीतरी काढून कोइराला बोलतं ठेवत राहिला. हळूहळू उत्तरं आखूड होत गेली. शेवटच्या वळणावर त्यानं विचारलं, "कोइरा, सुपारी आहे का रे?" आणि मागून काहीच आलं नाही.

नुसतं इंजिन घरघरत होतं.

थोड्या वेळानं सासूचा आवाज आला, अगदी सपाट. "कोंबडे, त्याला सांग, श्वास चालू आहे. हात गार पडलाय. गाडी हाक म्हणावं."

लिनुसनं पेडल दाबलं.

खिंडीत धुकं असं दाटलं होतं की गाडीचं नाक दिसेना. धुकं म्हणजे देवच पावला. फौजेचं हेलिकॉप्टर धुक्यात उडत नाही, आणि उडालं तरी त्याला दिसत नाही. पण खिंड ओलांडण्याआधी इंजिन बंद करून कान द्यायचा, हा जंगलातल्या प्रत्येक ड्रायव्हरचा नियम होता. इंजिनाच्या घरघरीत हेलिकॉप्टर ऐकू येत नाही, आणि याच चुकीपायी दोन गाड्या माणसांसकट जळल्या होत्या. लिनुसनं चावी फिरवली. गाडी थांबली. तो खाली उतरला, श्वास रोखून उभा राहिला. ठिबकणारी पानं, लांब कुठंतरी एक पक्षी. बाकी काही नाही. कोइराची नाडी स्वतः चाचपून बघितली आणि तो परत आत बसला.

इंजिन चालू झालं, दोन आचके देऊन बंद पडलं. परत चावी. परत आचके. मग नुसतीच टकटक.

त्यानं बॉनेट उघडलं, फिल्टर सोडवला. फिल्टर पांढऱ्याशुभ्र लोण्यानं भरला होता.

खोबरेल थिजायला बर्फ लागत नाही, जरा गार हवा पुरते. याआधी खिंड त्यानं नेहमी दुपारी, रणरणत्या उन्हात ओलांडली होती. किनाऱ्यावर जे तेल वर्षभर पाण्यासारखं असायचं, ते इथं, बंद इंजिनाला ऊब न राहिल्यामुळं, बघता बघता गोठलं होतं.

तो तिथंच उकिडवा बसून विचार करू लागला. धुकं होतं म्हणून ते लपले होते, आणि धुकं होतं म्हणूनच तेल थिजलं होतं. ऊन पडलं की तेल आपोआप सुटेल, पण त्याच उन्हात हेलिकॉप्टर येईल. म्हणजे धुक्यातच ऊब करायला हवी होती. बॅटरी तर संपलीच होती. पुढं उतार होता, गाडी ढकलून चालू करता येईल, पण उतार खालच्या ओढ्यापर्यंतच. तिथून परत चढ. उतारावर इंजिनानं धरलं नाही, तर पुन्हा संधी नाही. आणि दोघांनी कोइराला खांद्यावर न्यायचं म्हटलं तर दोबेरीला संध्याकाळ होईल.

"तेल थिजलंय," तो करंडीकडं बघून म्हणाला. "टाकी, नळी, फिल्टर, सगळं. तापवायला हवं. पण टाकीखाली उघडा जाळ लावला तर सगळेच भाजू."

कोंबडीनं मान वाकडी केली.

"कोंबडे," इरल्याखालून आवाज आला, "त्याला विचार, भट्टीत डुक्कर शिजतं ते काय जाळावर?"

 लिनुस उठलाच. खड्ड्यात तापलेले दगड, त्यावर पानं, त्यावर मांस: सणाला अख्खं गाव असंच जेवायचं. जाळ लांब, ऊब जवळ.

"दगड मी आणतो," त्यानं कोंबडीला सांगितलं.

"ओढ्यातले आणू नको म्हणावं, तापले की फुटतात. रस्त्याच्या कडेची खडी घे."

लाकडं सगळी ओली होती. लिनुसनं फिल्टरमधलं थिजलेलं तेल खरवडून चिंधीत भरलं, चिंधी हौद्यातल्या नारळाच्या सोडणांत खोचली आणि काडी ओढली. एकदम भडकलं. ज्या तेलानं अडवलं होतं तेच पेटलं, याचं त्याला त्या गडबडीतही हसू आलं. सासू हौद्यातून उतरली. इरलं एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं काठीनं दगड उलटेपालटे करू लागली. तापलेला दगड रानकेळीच्या ओल्या पानात गुंडाळायचा, जाळीच्या पिशवीत घालायचा, पिशवी टाकीला बांधायची. पानं चरचरत होती. धूर धुक्यात मिसळून जात होता.

फिल्टर परत बसवून, बॉनेट लावून लिनुस गाडीखाली शिरला. एक गरम पुडकं नळीला धरून तो तेल पुढं ढकलणारा हातपंप दाबू लागला. पंप दगडासारखा घट्ट होता. दाबत राहिला. हळूहळू पंप मऊ लागायला लागला, आणि नळीच्या सांध्याशी पांढऱ्याऐवजी पिवळसर थेंब आला. दुसरा आला. तो भान हरपून मोजल्यासारखा दाबत होता, टक, टक, टक, आणि त्याला दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

धुकं विरायला लागलं होतं. जमिनीवर त्याच्या कोपराजवळ उन्हाचा एक पट्टा पडला, पण त्याला वाटलं, तेल सुटायला बरंच झालं.

"कोंबडे, आभाळात काहीतरी आहे," सासू म्हणाली.

टक, टक.

"कोंबडे, त्याला सांग ना, येतंय ते."

टक, टक, टक.

मग गाडीच्या पत्र्यावर धाडकन हात आपटला.

"लिनुस! बाहेर ये. हेलिकॉप्टर आलं."

आपलं नाव त्या आवाजात ऐकून त्याचं डोकं गाडीच्या खालच्या पत्र्यावर आदळलं. तो सरपटत बाहेर आला. इरलं जाळाजवळ पडलं होतं. सासू उघड्या डोक्यानं, हौद्याला खांदा लावून उभी होती, आणि सरळ त्याच्याकडं बघत होती.

"बघतोस काय? ढकल. मी आहे मागं."

"तुम्ही आधी वर बसा."

"मग उद्या कोइराला काय सांगू, की मी नुसती वर बसून होते? ढकल."

दोघांनी जोर लावला. गाडी हलली, परत बसली, परत हलली. वरचा आवाज आता छातीत जाणवत होता. मग चाकांनी उतार धरला. लिनुस धावत जाऊन आत चढला, मागं धप्प आवाज झाला, म्हणजे सासूही हौद्यात पडली. खाली दरीत धुकं अजून साचलेलं होतं, कापसासारखं. गाडी त्या कापसाकडं सुटली.

दुसरा गिअर. क्लच सोडला. आचका. काही नाही. परत क्लच, परत सोडला. आचका, खोकला, आणखी एक खोकला. ओढा समोर दिसायला लागला होता.

"चल गं बाई," लिनुस गाडीला म्हणाला, "चल."

आणि इंजिन पेटलं. तळणाचा वास आला. आजवर कुठल्याही सणाला त्याला एवढा गोड वास आला नव्हता. गाडी धुक्यात बुडाली, ओढ्याचं पाणी उडवत गेली आणि चढ चढू लागली.

मागं, खिंडीत, हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. त्याला धूर दिसला होता आणि धुराशेजारी बसलेली एक आकृती. बंदुकीचा कडकडाट झाला, बराच वेळ चालला. फौज त्या सकाळी एका इरल्याशी लढत होती.

"श्वास चालू आहे का?" लिनुसनं मागं विचारलं.

"आहे. तू पुढं बघ."

दोबेरीला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर यायचं होतं. सिस्टर इमाकुलातानं पट्टी पाहिली, पायाची बोटं दाबून पाहिली, नख पुन्हा लाल होतं का ते पाहिलं, आणि "आत घ्या" एवढंच म्हणाली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. गोळी तिच्या तळहातावर होती.

"पाय राहील. पण महिनाभर इथून हलायचं नाही."

कोइरा शुद्धीवर आला तेव्हा सासू खाटेच्या एका बाजूला होती, डोक्यावर केळीचं पान धरून, भिंतीकडं तोंड करून. लिनुस दुसऱ्या बाजूला दाराकडं बघत बसला होता.

"कसं आणलं मला?" कोइरानं विचारलं.

 लिनुसनं कपाळावरचं टेंगूळ चाचपलं.

"आई, तुझं इरलं कुठाय?"

"पडलं," पानाआडून उत्तर आलं.

कोइरानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा दाजीकडं. "म्हणजे मी जरा डोळे मिटले तर तुम्ही दोघं एकमेकांशी बोललात."

"कोंबडे, त्याला सांग, जखमी माणसानं गप्प पडावं."

सिस्टर इमाकुलाता हसत आत आली आणि तिनं करंडीला हात घातला. "ही माझ्यासाठी ना? याला आज रस्साच द्यायला हवा."

"रस्सा दुसऱ्या कशाचा तरी करा, सिस्टर," लिनुस घाईनं म्हणाला. त्यानं करंडी अलगद तिच्या हातातून काढून घेतली. "उद्या आम्हाला परत जायचंय. रस्ता लांब आहे, आणि कोइरा बरोबर नसणार."

केळीचं पान हललं. मान डोलवल्यासारखं.