पाठीला नाक नसतं

आमच्या ताईनं आयुष्यभर माणसांच्या पाठी रंगवल्या. तरुणपणी ती चेहरे काढायची, पण ज्याचा काढावा तो म्हणायचा, माझं नाक असं नाही. शेवटी ती वैतागली. पाठीला नाक नसतं, म्हणाली, आणि संग्रहालयात जाऊन चित्रं बघणाऱ्या लोकांच्या मागे घडीची खुर्ची टाकून बसली. बघणाऱ्यांना बघत बसणारी बाई म्हणून लोक हसले. मीही हसले, धाकट्या बहिणीला तेवढा हक्क असतोच. वर्षानुवर्षं तिच्या कामाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याच संग्रहालयानं तिचं सगळ्यात मोठं तैलचित्र वरच्या दालनात लावलं, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला आणि साठीच्या ताईला लोक एकदम थोर चित्रकार म्हणू लागले.

फोटो आला त्याच दिवशी संग्रहालयात खाली लोकांच्या पिशव्या सांभाळणारी बाई आमच्या घरी आली. नवऱ्याच्या मारातून पळून ती या गावात आली, तेव्हा पहिला दिवस काढायला जागा नव्हती म्हणून तिकीट घेऊन संग्रहालयात शिरली होती. ताईनं तिला तेव्हाच पाठीमागून टिपलं होतं, याच मोठ्या चित्रात. डावा खांदा उतरलेला, उजव्या हातानं पाठीमागून डावं कोपर घट्ट धरलेलं.

"ताई, मला पुसा," ती म्हणाली.

ताईनं समजूत घातली, की चित्रात चेहरा कुठे आहे, कोण ओळखणार.

"तो कायम माझ्या मागून चालायचा. चेहरा त्यानं कधी धड बघितलाच नाही. पाठ मात्र त्याला पाठ आहे. फोटो बघून तो खात्री करायला इथं येणारच."

गाव सोड, असं मी सांगून पाहिलं. आणखी किती गावं सोडू, एवढंच ती म्हणाली.

कुणाच्या सांगण्यावरून कधी चित्रातलं एक नखसुद्धा न बदललेली ताई दुसऱ्या दिवशी दारं उघडायच्या आत रंग घेऊन दालनात उभी राहिली. पहारेकऱ्याला काहीतरी थाप मारली. त्या बाईच्या जागी तिनं भिंतीचा राखाडी तुकडा रंगवला. मी दाराशी पाळत ठेवून उभी होते. बाई निर्धास्त होऊन कामावर रुजू झाली. आम्ही दोघी मात्र रोज दालनात जाऊन बसायचो. कुणी पुरुष चित्रापाशी जरा जास्त रेंगाळला की मी खुर्चीतून अर्धी उठायचे.

आणि एके दुपारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, शांत चेहरा. खिशातून वर्तमानपत्राचं कात्रण काढून त्यानं चित्राशेजारी धरलं. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"इथं एक बाई होती ना?" त्यानं अदबीनं विचारलं.

छापताना सावली पडली असेल, ताई म्हणाली. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं खोटं लगेच कळतं.

त्यानं बोट पुढे करून त्या भिंतीला टेकवलं. तैलरंग कित्येक दिवस ओला राहतो, हे ताईला काय ठाऊक नव्हतं? पण भीतीपुढे अक्कल चालत नाही. त्याचं बोट राखाडी झालं. बोटाकडे बघत तो पहिल्यांदा हसला.

"ती निघून गेली असती, तर पुसायची काय गरज होती, मावशी?" तो ताईला म्हणाला. "म्हणजे इथंच आहे."

रुमालाला बोट पुसून तो जिन्याकडे निघाला, अजिबात घाई न करता. ताई इतक्या झटक्यात उठली की खुर्ची उलटली. मीही धावले. येताना त्याच्याजवळ ठेवायला पिशवी नसणार, म्हणूनच पिशव्यांच्या खिडकीकडे त्याचं लक्ष गेलं नव्हतं. आता मात्र तो दिसेल त्या प्रत्येक बाईची पाठ न्याहाळत जाणार होता, आणि जिना सरळ त्या खिडकीपाशीच उतरत होता.