माझ्या तोंडून फुटलेलं नाव

मी एक जुना माइक आहे. ऑफिसच्या कागदांवर मला ध्वनिक्षेपक म्हणतात, पण त्या नावाने मला आजवर कोणीही हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम बसस्थानकाच्या चौकशी खोलीत, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यामागे असतो. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलं की कोणीही आधी स्वतःचे गुण सांगतं. मीही थोडे सांगेन, सवयच आहे तशी. पण मला खरं तर एक चूक सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय भंगारात जायला माझं मन होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने वाकणारी मान बसवली, तिसरीने बुडाला जड लोखंडी बैठक लावली. बैठकीवर एक कळ होती आणि कळीशेजारी छोटासा लाल दिवा. कळ दाबून धरली की दिवा लागायचा आणि आवाज बाहेरच्या कर्ण्यांतून सगळ्या स्टँडवर जायचा. बोट उचललं की दिवा विझायचा आणि आवाज बंद. तपासणाऱ्या माणसाने माझ्यासमोर ‘एक, दोन, तीन’ म्हटलं, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं.

स्टँडवर आलो तेव्हा माझा काय थाट होता! चौकशी खोलीला समोरून काच होती आणि काचेमागे टेबलाच्या मधोमध मी. माझ्यासमोर बोलायला ज्या बाई बसायच्या त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांचा आवाज खणखणीत, पण कधी कोणावर न ओरडणारा. ‘फलाट क्रमांक चारवरची गाडी पाच मिनिटांत सुटत आहे,’ असं त्या म्हणाल्या की झोपलेली माणसंसुद्धा बोचकी उचलायची. लोक काचेजवळ येऊन सांगायचे, ‘ताई, तुमचा आवाज किती स्वच्छ ऐकू येतो.’ ताई हसून माझ्याकडे बोट दाखवायच्या. त्या कौतुकाने मी पार शेफारून गेलो होतो.

एकदा गर्दीत एक लहान मूल हरवलं. त्याची आई काचेवर दोन्ही हात आपटत रडत होती. ताईंनी तिला मुलाचं नाव विचारलं आणि माझ्यातून तीन वेळा हाक मारली. तिसऱ्या हाकेला ते पोर सहाव्या फलाटावरच्या बाकाखालून बाहेर आलं, हातातलं अर्धं बिस्कीट तसंच धरून. ताई शेजारच्या टेबलावरच्या काकांना म्हणाल्या, “किती छान नाव आहे. मुलालाही शोभेल, मुलीलाही.” काका म्हणजे चौकशी खिडकीवरचे वयस्कर कारकून. ते म्हणाले, “ठेवून द्या जपून. पुढे कामाला येईल.”

ते नाव काय होतं, हे मी तुम्हाला सांगणार नाही. एकदा साऱ्या स्टँडला सांगून बसलो, तेवढं पुरे झालं. फक्त पहिलं अक्षर सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. ते नाव ‘क’ने सुरू होत होतं.

ताईंचे यजमान स्टँडमागच्या कार्यशाळेत बसगाड्या दुरुस्त करत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं ओळखायचे, पण स्वतः फार कमी बोलायचे. बोलताना त्यांची जीभ अडखळायची. काही अक्षरं सुरळीत निघत आणि काही वाटेतच अडून बसत. सगळा स्टँड काकांना काका म्हणायचा, मिस्त्री मात्र मामा म्हणायचे. मला वाटायचं, असेल काहीतरी नातं. खरं कारण कळायला मला फार उशीर झाला.

ताईंना दिवस गेले आणि आमच्या खोलीत आनंदीआनंद झाला. मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत डबा खायला आमच्याच खोलीत यायचे. डबा संपला की ताई शाळेची एक वही काढत. तिच्यात नावं लिहिलेली असत. ताई माझ्यासमोर तोंड नेऊन, कळ न दाबता, एकेक नाव घोषणेच्या सुरात म्हणून बघत. ‘प्रवाशांनी लक्ष द्यावे,’ आणि मग नाव. मिस्त्री पोट धरून हसायचे आणि पेन्सिल घेऊन नावं खोडायचे.

‘क’चं प्रत्येक नाव त्या वहीत खोडलं गेलं. एक म्हणे जुनाट वाटतं. एक म्हणे फार लांबलचक आहे. एक नाव म्हणे शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं होतं. ताई म्हणाल्या, “अहो, शेजाऱ्यांकडे मांजर आहे.” मिस्त्री वहीतून मान वर न करता म्हणाले, “आधी होता ना.” ताईंनी पुढचं नाव म्हणून पाहिलं. त्यांच्या आवडीचं ते एक नाव त्यांनी वहीत लिहिलंच नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

आधी माझा लाल दिवा गेला. काकांनी तक्रारीचा कागद वर पाठवला, पण कोणी आलं नाही. ‘आवाज येतोय ना, मग झालं,’ असं सगळे म्हणाले. नंतर माझ्या कळीखालची स्प्रिंग ढिली पडू लागली. बोट उचललं तरी कळ कधी कधी खालीच राहायची. मला ते कळत होतं, मित्रांनो. बिघडलेला माइक खरखर करतो, शिट्ट्या मारतो, माणसांना कानांवर हात ठेवायला लावतो. मला ते करता आलं असतं. पण तक्रार केली तर मला उचलून दुसरा आणतील, या भीतीने मी मुकाट राहिलो. लोकांनी मला स्वच्छ आवाजाचा म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

त्या दुपारी मिस्त्री डबा खाऊन कामावर गेले. ताईंनी एक घोषणा केली आणि बोट उचललं. कळ खालीच राहिली. दिवा तर नव्हताच. डोक्यावर पंख्याची घरघर होती, काच बंद होती, बाहेरचं आत त्या दोघांना काही ऐकू येत नव्हतं.

काकांनी सहज विचारलं, “मग, ठरलं का नाव?”

“काय ठरणार, काका.” ताईंनी वही मिटली. “मला एकच नाव हवंय.” आणि त्यांनी ते घेतलं. “पण ह्यांना ते म्हणता यायचं नाही. ‘क’ आला की अडकतात. म्हणून रोज काहीतरी खोट काढतात, आणि मी रोज मला काही कळत नाही असं दाखवते. मीच सोडून दिलंय ते नाव. उद्या पोर गर्दीत हरवलं आणि बापाला हाकच मारता आली नाही तर? लोक हसतील हो त्यांना. ते मला नाही बघवणार.”

हे सगळं त्या मायेने बोलल्या. आणि मी ते आठही फलाटांवर, रसवंतीत, शौचालयापाशी आणि मागच्या कार्यशाळेत, एकही अक्षर न गाळता पोचवलं. माझ्या तीक्ष्ण कानावर मात्र माझाच आवाज कर्ण्यांतून परत येत होता. मला वाटलं, काय सुरेख ऐकू येतंय! तेवढंच माझ्या मनात आलं. ही गोष्ट आठवली की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं.

एक हमाल धावत येऊन काचेवर थापा मारू लागला. “ताई, बंद करा! सगळं बाहेर येतंय!” ताईंनी कळीकडे पाहिलं आणि नखाने ती वर उचलली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. काकांनी दार उघडलं, तर कार्यशाळेच्या बाजूने हसण्याचा आवाज आला. कोणीतरी ‘क-क-क’ करून दाखवत होतं.

मिस्त्री त्या दिवशी पुन्हा खोलीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. ताई डबा घेऊन बसायच्या आणि न उघडता पिशवीत ठेवायच्या. काकांना एकदा म्हणाल्या, “घरी बोलतात, पण मानेनेच. हो आणि नाही.” घोषणा झाली की त्या माझ्यावर रुमाल टाकत आणि तार भिंतीतून उपसून ठेवत. मी त्या रुमालाखाली बसून राहायचो. वस्तूला शरम नसते असं माणसं म्हणतात. माझ्याइतकी शरम त्या स्टँडवर कोणाला वाटत नव्हती. पण माझ्या शरमेचा त्या दोघांना काडीचा उपयोग नव्हता.

सहाव्या दिवशी सुट्टीच्या वेळी दार उघडलं. मिस्त्री हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. त्यांनी रुमाल बाजूला केला, मला उलटं केलं आणि माझं बूड उघडलं. मला वाटलं, आता हे मला फोडणार. मी त्याच लायकीचा होतो. त्यांनी खिशातून एक बॉलपेन काढलं, त्यातली स्प्रिंग काढून माझ्या कळीखाली बसवली. मग एका जुन्या बसच्या डॅशबोर्डवरचा बारीकसा दिवा जोडला. लाल मिळाला नव्हता, हिरवा होता. चार वेळा कळ दाबून सोडून पाहिली. मग ताईंकडे न बघता म्हणाले,

“वहीत ते नाव लिही.”

“कोणतं?”

“सगळ्या स्टँडला सांगितलंस ते. मलाच सांगितलं नाहीस.”

ताईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. “राहू द्या ना. आपण दुसरं बघू. साधं, सोपं.”

“नको. तुला आवडलंय ते.” ते थांबले. पुढचा शब्द यायला वेळ लागला. काकांनी तो पुरवायला तोंड उघडलं, तशी ताईंनी हाताने त्यांना अडवलं. सगळे थांबले. मग शब्द आला. “क... कळलं ना? अडकेन मी. पण हाक मीच मारणार. पोराला एवढंच शिकव, बाप हाक मारतोय, जरा थांब.”

मुलगी झाली, आणि तिचं तेच नाव ठेवलं. ती दोन महिन्यांची असताना ताई तिला घेऊन आल्या, तेव्हा सगळ्यांनी नाव विचारलं. नाव तर सगळ्यांना माहीत होतं, आणि ते कसं माहीत झालं हेही. मी टेबलावर मान खाली घालून बसलो होतो.

पाच वर्षं गेली. ती पोरगी शाळा सुटली की स्टँडवर यायची, आईजवळ बसून चित्रं काढायची. एका संध्याकाळी फार गर्दी होती. ताई एका म्हाताऱ्या प्रवाशाला गाडी दाखवायला बाहेर गेल्या आणि परत आल्या तेव्हा खुर्चीवर नुसती चित्रकलेची वही होती. बाहेर गाड्या मागे घेतल्या जात होत्या. ताई फलाटांकडे धावत सुटल्या. काकांनी घाईघाईने कळीवर बोट ठेवलं, तोच ताईंची धावाधाव पाहून मिस्त्री हाश्शहुश्श करत आत शिरले. हात तेलाने काळे झालेले.

“मामा, मला द्या.”

त्यांनी कळ दाबली. हिरवा दिवा लागला.

“क...”

पुढे काही येईना. “क... क...” बाहेर सगळा स्टँड ऐकत होता. त्यांच्या कपाळावरची शीर ताठ झाली होती. त्या वेळी माझ्या मनात काय आलं, तेही लपवत नाही. मला वाटलं, कळ सुटावी, तार तुटावी, मी मुका व्हावं. मला पुन्हा त्यांचं हसं करायचं नव्हतं. मी मुका झालो असतो तर ती माझी दुसरी चूक ठरली असती, पहिलीहून कितीतरी मोठी. पण बॉलपेनची ती स्प्रिंग इमानी निघाली. मिस्त्रींचं बोट कळीवरून हललं नाही आणि माझा आवाजही बसला नाही. “क... क...”

काचेवर टकटक झाली.

छोटी बाहेर उभी होती, गुडघ्यांना धूळ लागलेली. पाठोपाठ ताई धावत आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मिस्त्रींच्या तोंडून नाव अजून पुरं आलं नव्हतं. पोरीने काचेच्या भोकाला तोंड लावलं.

“बाबा, एवढ्या हाका कशाला मारता? मी पहिल्याच हाकेला निघाले होते ना.”

मिस्त्री खुर्चीत टेकले. बोट मात्र कळीवरच राहिलं होतं, म्हणून पोरीचं ते बोलणंही सगळ्या स्टँडने ऐकलं. या वेळी कोणी हसलं नाही. कार्यशाळेकडून तर काहीच आवाज आला नाही.

पुढे यंत्रात भरलेला आवाज आला. तो न चुकता, न थकता घोषणा करतो. मला वरच्या फळीवर ठेवलं. मिस्त्रींनी बसवलेली स्प्रिंग अजून माझ्या पोटात आहे, पण तिच्यावर बोट ठेवणारं कोणी नाही. पोरगी हरवली त्या संध्याकाळी ती मागची दुपार पुसली गेली, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. तसं होत नाही. ताईंनी मायेने जपलेलं नाव आणि मिस्त्रींनी जन्मभर झाकलेलं दुखणं मी एका दमात चव्हाट्यावर मांडलं, ते मांडलंच.

म्हणून मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंचा दिवा गेला तर ‘आवाज येतोय ना’ म्हणून सोडून देऊ नका. स्वतःत काही ढिलं पडलं असेल तर कौतुकाच्या लोभाने लपवू नका, वेळीच कुरकुर करा. आणि कोणाची जीभ अडली, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका, हसू तर मुळीच नका. जरा थांबा. ती पोरगी तर थांबलीसुद्धा नव्हती. बाप जिथे अडकायचा, तिथेच तिला आपलं नाव पुरं ऐकू यायचं.