दिवेलागणीची हाक

चिंतामणी नऊ वर्षांचा असल्यापासून उभ्याउभ्या जेवत आला होता. मैदानात पोरं जमलेली असायची, आणि मैदान तर मागच्या दाराशीच. चार घास कोंबायचे, हात धोतराला पुसायचे आणि धूम ठोकायची. पुढे लग्न झालं, कचेरीत नोकरी लागली, केस पिकले, तरी संध्याकाळचं जेवण तसंच. वसुधाने सुरुवातीला पाट मांडून पाहिला, मग नाद सोडला. एक वेळ सवत परवडली असती, तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं. दिवेलागणीला ती मागच्या दारात उभी राहून हाक मारायची, "अहो, दिवे लागले." मैदानातून ओ यायची, "आलोच." पूर्वी ही हाक सासू मारायची, आता ती, एवढाच काय तो फरक.

मैदानात त्याच्या डाव्या हाताला कायम गुणवंत. दोघांनी दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत चिंध्यांच्या चेंडूवर फुटबॉलला सुरुवात केली, पुढे पलटणीच्या गोऱ्यांशी अनवाणी खेळले. गुणवंताने लग्न केलं नाही. सणावाराला वसुधाच्या हातचं जेवायचा, तिला वहिनी म्हणायचा. जर्मनांशी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली तापाचं निमित्त होऊन तो गेला.

दहाव्याला ग्वारीघाटावर पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. अशा वेळी मेलेल्याची राहिलेली इच्छा ओळखून कोणीतरी तसा शब्द द्यायचा असतो. गुणवंताचा भाऊ अंबादास म्हणाला, आईला सांभाळीन. कावळे ढिम्म. ऊन चढलं, माणसं कंटाळली. शेवटी चिंतामणी पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, "गुणवंता, तू मैदान सोडत नाही तोवर मी पण सोडत नाही." कावळा तिथल्या तिथे उतरला.

घरी येऊन त्याने हे कौतुकाने सांगितलं. वसुधाने भाकरी थापता थापता वर पाहिलं.

"काहून बोलले असं? शब्दाला काही हद्द तर ठेवायची होती. मेलेला माणूस कधी थकते का?"

चिंतामणी हसला आणि भाकरीचा तुकडा तोंडात टाकून मैदानात गेला.

गुणवंताच्या जागी नवा गडी उभा केला की तो अर्ध्या खेळातून काही न सांगता घरी जायचा. मग ती जागा मोकळीच राहू लागली. चिंतामणी सवयीने चेंडू डावीकडे द्यायचा आणि चेंडू परत यायचा. वसुधाने दारातून हे स्वतः पाहिलं. चेंडू मोकळ्या गवतात जाऊन थांबला, आणि थोड्या वेळाने वळून नेमका नवऱ्याच्या पायाशी आला. बाकीचे एकेक करून यायचे बंद झाले. चिंतामणी एकटा जाऊ लागला.

पुढच्या पावसाळ्यात तो छाती धरून मैदानातच बसला. आता पळालात तर जिवाशी गाठ आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याने मुकाट्याने खाट धरली. पण संध्याकाळ झाली की मागच्या भिंतीवर धप्प आवाज व्हायचा, जरा थांबून पुन्हा धप्प. चेंडू तर माळ्यावर होता. वसुधाने चढून पाहिलं, चामड्याला ओला चिखल लागला होता. ती खाली आली. चिंतामणी डोळे मिटून पडला होता, आणि प्रत्येक आवाजासरशी पांघरुणात त्याचा पाय हलत होता. वसुधाला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला.

सर्वपित्री अमावास्येला तिने दहीभाताचं पान वाढलं आणि मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. गोलाच्या आडव्या बांबूवर कावळे बसले होते.

"भावजी, काहून त्रास देऊन राहिले तुम्ही? त्यांना सोडा आता."

कावळे हलले नाहीत.

"तुमच्या नावाने दरसाल पान वाढीन."

तरी नाही. तिने मागे वळून पाहिलं. चिंतामणी दारात उभा होता, धोतर वर खोचलेलं, चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा. तिला रडू आलं. गुणवंताला तिने उगाच बोल लावला होता. हा नवराच त्याला सोडत नव्हता.

"बरं, खेळा दोघं," ती म्हणाली. "पण त्यांना पळवू नका. आणि मी हाक मारली की घरी पाठवा."

एक कावळा उतरला आणि पानाला शिवला.

त्या संध्याकाळी तिने हाक मारली, "अहो, दिवे लागले."

"पाठवतो, वहिनी." आवाज मैदानाच्या डावीकडून आला. मागोमाग चिंतामणी हळूहळू चालत, हसत घरी आला. मग हे रोजचंच झालं. वसुधाला त्या आवाजाची सवय झाली, पण अंगावरचा काटा काही गेला नाही.

मार्गशीर्षात एके दिवशी हाकेला उत्तर आलं नाही. तिने पुन्हा हाक मारली.

"आज राहू द्या, वहिनी."

वसुधा धावली नाही. दिवा उचलून ती सावकाश मैदानात गेली. चिंतामणी डाव्या बाजूच्या गवतात कुशीवर पडला होता, चेंडू पोटाशी घेऊन.

दहाव्याला बायकांनी घाटावर जायची रीत नव्हती, पण ती गेली. गुणवंताचा अंबादास शब्द द्यायला पुढे झाला, तर पिंड नीट ठेवून व्हायच्या आतच कावळा उतरला. "काही इच्छा राहिली नव्हती हो," गुरुजी समाधानाने म्हणाले. कावळ्याने चार घास कोंबले आणि तो घाईघाईने गावाकडे उडाला. वसुधाला ते जेवण ओळखू आलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता.