चव न घेतलेला स्वयंपाक

"आई, काडी ओढू नकोस!"

स्वानंदी इतक्या जोरानं ओरडली की दुपट्यावर पडलेला तिचा तान्हा मनन दचकून रडायला लागला. मालनताई स्वयंपाकघरातल्या देवापुढं बसल्या होत्या. समईत तेल-वात घालून झालं होतं, एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. त्या तशाच थिजल्या.

"का गं? काय झालं?"

त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. स्वानंदी न्हाऊन ओल्या केसांनी आली, तर दारातच गॅसचा भपकारा नाकात शिरला. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बर्नर नुसता सूं सूं करत होता. तिनं आधी मननला उचललं, आईच्या हातातली काडेपेटी हिसकावली, शेगडीचं बटण बंद केलं, खिडक्या ढकलल्या आणि आईला दंडाला धरून अक्षरशः ओढत अंगणात आणलं. काडी ओढली असती तर... पुढचं तिच्या मनात येईना.

कुंपणापलीकडून शेजारचे उमाशंकरजी डोकावले. "क्या हो गया बेटा? गॅस की बास तो यहाँ तक आ रही है!"

"बंद कर दी अंकल, दूध उफन गया था," ती कशीबशी म्हणाली. आणि मग तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी झालं. कुंपणापलीकडच्या माणसाला वास आला. आई तर शेगडीपासून हातभर अंतरावर बसली होती.

"आई, तुला वास आला नाही?"

"सर्दी झालीय जराशी."

"कधीपासून?"

मालनताईंनी उगाचच पदर सारखा केला. "तुझे बाबा गेले तेव्हापासून."

स्वानंदी पायरीवर मटकन बसली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले होते. बाबा गेले, आई वाचली. वाचली एवढंच सगळ्यांनी पाहिलं. तिचं काय काय गेलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे चवसुद्धा...?"

"तिखट झोंबतं. मीठ-साखर जराशी कळते, ती पण कधी कधी. बाकी सगळं कागद चावल्यासारखं."

पूर्वी मध्य प्रदेशातल्या धारच्या या घरात स्वयंपाक म्हणजे गोंगाट असायचा. आई आमटीचा थेंब हातावर घेऊन चाखायची, मग बाबांच्या तळहातावर एक, स्वानंदीच्या तळहातावर एक. बाबा डोळे मिटून न्यायाधीशासारखे बसायचे आणि इंदुरी हिंदीत म्हणायचे, "भिया, मजा आ गया! पण मीठ तुझ्या लेकीनं टाकलेलं दिसतंय." मग आई लाटणं उगारायची. फक्त सणाच्या दिवशी हा खेळ बंद. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं नाही, ही घरातली जुनी रीत.

बाबा गेल्यावर आईनं ती रीत रोजची केली. साधा वरण-भात असला तरी, "थांब, आधी देवाला." कुणी चव बघ म्हटलं की कानावर हात. आई आता फार सोवळ्याची झालीय, असं स्वानंदीनं देवासला सासरी कौतुकानं सांगितलं होतं. सासूबाई इंदिराबाईंना तर त्याचं केवढं अप्रूप! मननच्या बारशाला भाजी अगदी अळणी झाली, तेव्हाही पंगतीत सगळे हसून म्हणाले, देवाला चाललं तर आपल्याला का नको? आई वाढता वाढता हसली होती. त्या हसण्याचा अर्थ स्वानंदीला आत्ता, या पायरीवर लागला.

"मला सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगायचं? बाबांच्या तेराव्याला? तुझ्या लग्नात? बाळंतपणाला आलीस तर दारातूनच म्हणालीस, आई, तुझ्या हातचं खायचंय. तेव्हा काय सांगू, की मला काही कळत नाही? तू लगेच स्वयंपाकाला बाई लावली असतीस. हाताला अंदाज आहे गं. दूध फाटलं तर दिसतं. डोळे शाबूत आहेत माझे."

"आणि आज?"

मनन मालनताईंकडं झेपावत होता, पण त्यांनी हात मागे घेतले.

आज दुपारी स्वानंदीचा नवरा राजवर्धन गाडी घेऊन यायचा होता. आईनं देवासला राहायला यायचं, मननला सांभाळायचं, म्हणजे स्वानंदीला शाळेत परत रुजू होता येईल, असं सगळं ठरलेलं. मालनताईंची बॅगसुद्धा भरून झाली होती.

"मी येत नाही," त्या म्हणाल्या. "हे लेकरू माझ्या भरवशावर टाकू नकोस. मला काही झालं तर झालं. पण याला..."

"मग मननसाठी येऊ नकोस. माझ्यासाठी ये. याला बघायला बाई ठेवू."

"परकी बाई? ती काय लक्ष देणार?"

"बाई शेगडीकडं बघेल. तू बाईकडं बघ."

मालनताईंना हसू आलं, आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. स्वानंदीनं मननला त्यांच्या मांडीवर ठेवलं. या वेळी त्यांनी हात मागे घेतले नाहीत. बराच वेळ त्या त्याच्या जावळावरून बोटं फिरवत राहिल्या.

"एक विचारू? हसू नकोस हं."

"विचार ना."

"तू एवढीशी होतीस, तेव्हा तुझ्या टाळूला वास यायचा. मी दिवसभर हुंगत बसायचे, तुझे बाबा चिडवायचे. याच्या टाळूला पण येत असेल ना गं? कसा येतो?"

स्वानंदीला गॅसचा भपकारा आला तेव्हा बसला नव्हता एवढा धक्का आता बसला. नातू पाच महिन्यांचा झाला. आजीनं त्याला न्हाऊमाखू घातलं, धुरी दिली, छातीशी धरून निजवलं. आणि त्याचा वास तिला एकदाही मिळाला नव्हता.

ती वाकली, मननच्या टाळूला नाक लावलं.

"दुधाचा... नाही, नुसता दुधाचा नाही. उन्हात वाळलेल्या दुपट्यासारखा. उबदार. मध्येच थोडा तुपासारखा."

मालनताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"अजून?"

स्वानंदी पुन्हा वाकली.