जलयोगी आणि मिठाची चिमूट

घर विकायला काढलेल्या माईंच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा शेजारणींनी खिडकीच्या गजांचा आसरा घेतला. घर विकत घेणारा माणूस भिंती पाहतो, छप्पर पाहतो, कागदपत्रे पाहतो. परंतु या गल्लीत वर्षभरापासून एक नवाच रिवाज पडला होता. जलयोगी म्हणवणाऱ्या एका बुवाने येऊन पाणी ‘वाचल्याशिवाय’ सौदा पुढे सरकत नसे. घरांचा दलाल त्याला स्वतःच्या गाडीतून, पुढच्या सीटवर बसवून आणत असे.

टेबलावर काचेचे दोन पेले होते. एकात माईंच्या विहिरीचे, स्वयंपाकघरातल्या नळाने आलेले पाणी. दुसऱ्यात जलयोग्याने, तो विकत असलेल्या ‘अमृतयंत्रा’तून गाळून आणलेले. दोन्ही सारखेच नितळ. त्याने दोन्ही पेल्यांत दोन दोन लोखंडी कांड्या सोडल्या, त्यांची वायर एका डबीतून प्लगला जोडली आणि डोळे मिटले.

“पाणी बोलतं, माई! आपणच बहिरे. हे जला, सांग, तुझ्या पोटात काय दडलंय?”

जलाने सांगायला मिनिटही घेतले नाही. माईंचा पेला आधी पिवळा झाला, मग तपकिरी, मग हिरवट काळा. वर गाळाची साय धरली. शेजारचा पेला जसाच्या तसा.

“अगं बाई! हेच पाणी आपण उन्हाळाभर भरून नेतो?” खिडकीतली शिंपीण ओरडली. “तरीच माझे केस गळतात!” केस तिच्या बहिणीचेही गळत, आणि बहीण दुसऱ्या शहरात राहत असे, पण चमत्कारापुढे विचार कोण करतो?

घर घ्यायला आलेली तरुणी सात महिन्यांची गरोदर होती. ती पोटावर हात ठेवून दोन पावले मागे सरली. “माई, राग मानू नका,” तिचा नवरा अवघडून म्हणाला, “पण आता आम्हाला विचार करावा लागेल.”

“यंत्र बसवा, मग विचार कशाला?” जलयोगी मधाळ आवाजात म्हणाला. “घरधनी कशाने गेले, माई?”

“मूत्रपिंडाने,” दलालाने परस्पर उत्तर दिले.

“हं. पाणी विसरत नसतं.”

माईंचे गुडघे कुरकुरत, म्हणून त्या हे घर विकून मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. पतीच्या दोन वर्षांच्या आजारपणात त्यांच्या उशाशी याच पाण्याचे भांडे माईंनी स्वतःच्या हाताने भरून ठेवले होते. जिच्यापुढे भाजीवाला काटा मारायला धजत नसे, ती बाई खुर्ची ओढून मटकन खाली बसली.

घरविक्रीच्या कामासाठी आलेली सूनबाई रसायनशास्त्र शिकवत असे, पण ते शाळेत. माईंसमोर ती फारसे बोलत नसे, कारण माईंना ते रुचत नसे. आज मात्र तिने फळीवरची मिठाची बरणी काढली.

“महाराज, तुमच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकू?”

“छे छे! मिठाने जलाचा आत्मा दुखावतो!”

“मीठ तर तुम्हीही खाता. तुमचा आत्मा ठणठणीत दिसतोय.”

खिडकीत कुणीतरी फिसकन हसले. “सूनबाई, मोठ्यांच्या मध्ये...” दलाल सुरू झाला.

“माझ्या स्वयंपाकघरात कुणी कधी बोलायचं, ते मी ठरवते,” माई बसल्या जागेवरून कडाडल्या. “टाक गं मीठ!”

मीठ पडले. बघता बघता अमृत पिवळे झाले, तपकिरी झाले, आणि अखेर माईंच्या पाण्याहून काळे झाले.

“घाण पाण्यातली नाही, कांडीतली आहे,” सूनबाईने प्लग काढला आणि एक कांडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली. टोक उंदराने कुरतडल्यासारखे झिजले होते. “वीज वाहिली की लोखंड झिजतं, त्याचाच हा गंज. विहिरीच्या पाण्यात जमिनीतले क्षार असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. यांच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेत, म्हणून वाहत नव्हती. मिठाने वाट करून दिली, इतकंच.”

जलयोग्याला अचानक दुसऱ्या घरचे पाणी हाका मारू लागले. दलालही त्याच्या मागोमाग सटकला.

“पाहिलंत?” माई ताठ उठल्या. “तीस वर्षं या जिभेने पारखलेलं पाणी आहे. गोड, नुसतं गोड!”

“माई,” सूनबाई हळूच म्हणाली, “तो लबाड आहे, एवढंच ठरलं. पाणी चांगलं आहे, हे अजून ठरायचंय.”

“म्हणजे माझी जीभ खोटी?”

“जंतूंना चव नसते, माई. खतांतून, सांडपाण्यातून विहिरीत उतरणाऱ्या नायट्रेटलाही नसते. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध कालवलं, तर बाळ निळं पडू शकतं. आणि ते उकळूनही जात नाही.”

माईंनी गरोदर मुलीकडे पाहिले. “मग घे तपासून,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटल्या आल्या. एक नमुना थेट विहिरीचा. दुसरा नळाचा, तोटीवरचे जंतू मरावेत म्हणून ती ज्योतीने तापवून आणि पाणी चांगले वाहू देऊन घेतलेला. दोन्ही बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवले. अहवाल आठवड्याने आला. विहीर निर्दोष होती, नायट्रेटही मर्यादेत होते. नळाच्या पाण्यात मात्र विष्ठेतले जंतू निघाले. विहिरीचे पाणी गच्चीवरच्या ज्या टाकीतून नळाला येई, तिचे झाकण फुटले होते, आणि आत कबुतरांनी संसार थाटला होता.

“आणि ह्यांचं मूत्रपिंड?” माईंनी अहवालावरची नजर न उचलता विचारले.

“मूत्रपिंडाला बाधणारं शिसं, आर्सेनिक, दोन्ही मुद्दाम तपासून घेतलं. काही नाही. बाबांना बारा वर्षं मधुमेह होता, माई. मूत्रपिंडं त्यानेच गेली, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.”

माईंनी चष्मा पुसला आणि अहवाल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

संध्याकाळी ते जोडपे आले. “विहिरीचा अहवाल चांगला आला म्हणे!” नवरा उत्साहाने म्हणाला. नळाचे त्याच्या ध्यानातही नव्हते. माईंनी दोन्ही कागद टेबलावर ठेवले आणि वाईट कागद स्वतःच्या बोटाने पुढे सरकवला.

“टाकी धुवून, औषध घालून, नवं झाकण बसवून पुन्हा तपासणी होईल. तो कागद चांगला आल्याशिवाय किल्ली मिळणार नाही.”

खिडकीत शिंपीण होतीच. “मग माई, आमच्या घरचं पाणी कुणाला दाखवायचं?”

“ज्याला तुला काही विकायचं नाही, त्याला!” माई म्हणाल्या. “घर घे नाहीतर वीक, बाटल्या भरून प्रयोगशाळेत दे आणि कागद वाचायला शिक. जो माणूस एका हाताने दोष दाखवतो आणि दुसऱ्या हाताने त्यावरचा उपाय विकतो, त्याला फाटकातूनच परत धाड. आणि माझ्यासारखी म्हातारी छातीठोकपणे म्हणाली, ‘आमचं पाणी गोड आहे हो,’ तरी ऐकू नकोस. तिलाही म्हण, बाई, कागद दाखव.”