पाठमोरं दीड मिनिट

‘धुराड्यातला पाहुणा’ या सिनेमात नाताळच्या आदल्या दिवशी एक माणूस लाल अंगरखा, लाल विजार आणि कापसाची दाढी चढवून एका बंगल्यात शिरतो आणि कुऱ्हाडीने एकेकाचा निकाल लावतो. का, ते धड कळत नाही. लहानपणी त्याला हवं ते खेळणं मिळालं नव्हतं, असं काहीसं शेवटी पोलीस सांगतो. आता हवं ते खेळणं कुणाला मिळतं? मलाही मिळालं नाही, म्हणून मी काही कुऱ्हाड घेऊन फिरत नाही. पण सिनेमा चाळीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा लोकांना एवढं कारण पुरत असे.

आमच्या थिएटरात तो दर डिसेंबरात लागतो, दुपारी तीनला, आणि लोक तो बघायला कमी, ओरडायला जास्त येतात. खुन्याच्या मनगटावर घड्याळ दिसलं की सगळे मिळून “वाजले किती?” विचारतात. दाढी एका कानावरून सुटते तिथे टाळ्या. रक्त तर इतकं गुलाबी, की पहिल्या रांगेतून कुणीतरी हमखास “बर्फ घालून द्या” म्हणतं.

मी इथली ऑपरेटर. आधी दारावर तिकिटं फाडायचे. जुने ऑपरेटर काका कानाने अधू झाले तेव्हा मशीनचं पुस्तक घरी नेऊन वाचलं, दोनदा बोटं भाजून घेतली आणि शिकले. “बाईमाणूस केबिनमध्ये?” म्हणून मालकांनी आठ दिवस कपाळाला आठ्या घातल्या. नवव्या दिवशीही दुसरं कुणी मिळालं नाही. त्याला अठरा वर्षं झाली.

थिएटरच्या बाजूच्या गल्लीत शिलाईमावशींची खोली आहे. एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेले दोरे. चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. वय अठ्ठ्याहत्तर. सुईचं नेढं आता दिसत नाही, म्हणून मी सकाळी जाताना दहा-बारा सुया ओवून उशीत टोचून ठेवते. सिनेमातले ते लाल कपडे मावशींनी शिवलेले. एक नाही, पाच जोड. “एक कोरा, एक थोड्या रक्ताचा, एक भरपूर रक्ताचा, एक जळका, आणि एक, त्या मेल्याने अंगावर चहा सांडला तर.” दर वर्षी त्या सिनेमाला येतात आणि शेजारी जो बसेल त्याला सांगतात, “शिवण बघा. एवढे खून केले, पण कुठे उसवलं नाही.”

आणि त्या सिनेमात त्यांची भिंगरी आहे. त्यांची एकुलती एक मुलगी. बटणं लावायला आईबरोबर गेली होती, एकोणीस वर्षांची. जिचं काम होतं त्या नटीचा पाय मुरगळला, दिग्दर्शकाने इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, “हीच चालेल.” चार वाक्यं मिळाली. तीही नंतर कुठल्याशा गोड गळ्याच्या बाईकडून डब करून घेतली. “माझ्या पोरीचा आवाज बेडकासारखा,” मावशी म्हणायच्या. “ही कोण साखर ओततेय तिच्या तोंडात?” चित्रीकरणानंतर सहा महिन्यांनी भिंगरीला ताप आला. डोक्यात गेला, आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. घरात तिचे तीन फोटो आहेत. आवाज कुठेच नाही.

सिनेमा लागला तेव्हा मावशींनी बघितला नाही. बघण्यासारखी अवस्थाच नव्हती. मग तो कुठे गडप झाला कोण जाणे. अठरा वर्षांपूर्वी एक गोदाम बंद पडलं, तिथून मालकांनी त्याची रिळं उचलून आणली आणि पहिल्या खेळाला मावशींना बोलावून बसले. मी नवीन. आदल्या दुपारी रिळं टेबलावर घेऊन तपासत होते, फिल्म उजेडावर धरून भिंगातून बघत. चौथ्या रिळात भिंगरी एका खोलीत जाते, दार लोटते. मग पाठमोरी बसून भेटवस्तूंना रिबिनी बांधते. मग मागे सावली येते. मग कुऱ्हाड.

मी भिंग खाली ठेवलं. उद्या एक आई येऊन हे बघणार होती.

मी ते कापलं. कापताना एक अडचण असते. फिल्मच्या पट्टीवर आवाज त्याच्या चित्राच्या जवळजवळ सेकंदभर पुढे छापलेला असतो. नुसती कुऱ्हाड काढली तर किंकाळी मागे उरते. म्हणून मी थोडी मागे सरकले. पण तिथे जोड दिला तर बसलेली पोरगी एकदम नाहीशी होते, लोक हसतील. म्हणून आणखी मागे सरकले, थेट दार लोटलं जातं तिथपर्यंत. दार बंद, आणि पुढचं दृश्य स्वयंपाकघर. जोड असा बसला की माझा मलाच सापडेना. सगळं मिळून दीड मिनिट गेलं.

दुसऱ्या दिवशी मावशी खेळानंतर केबिनचा जिना चढून आल्या. डोळे लाल, पण चेहरा निवांत. “दारामागे गेली ती गेली बघ,” म्हणाल्या. “माझी तेवढी सुटली.” मला वाटलं, आयुष्यात एक काम बरं केलं. नंतर कॉलेजची पोरं वाद घालायला लागली, पोलीस पाच खून म्हणतो आणि मोजले तर चारच भरतात. मी केबिनमध्ये गालातल्या गालात हसायचे.

यंदा जुनं मशीन भंगारात गेलं. नवीन आलं, फ्रिजएवढं, त्यात रीळ नाही की फिल्म नाही. सिनेमा एका डबीतून येतो, आणि तो उघडायला कंपनी एक किल्ली पाठवते. किल्ली म्हणजे नुसते आकडे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळेपुरती चालते. ‘धुराड्यातला पाहुणा’ही कंपनीने मूळ निगेटिव्हवरून धुऊनपुसून नवा करून पाठवला. तीन दुपारी, तीन खेळ. शेवटच्या दिवशी पाच वाजता किल्ली बंद. मालकांनी बाहेर फलक लावला: संपूर्ण! न कापलेला!

“न कापलेला म्हणजे?” मावशींनी मला गल्लीत गाठून विचारलं. “आधी कापलेला होता होय?”

“जाहिरात हो, मावशी. काहीही लिहितात.”

पहिल्या दुपारी त्या निघायच्या आत मी त्यांच्या दाराशी. “येऊ नका आज. मशीन नवीन आहे, सारखं अडकतंय.”

“मग तू इथे काय करतेस? जा, बघ त्याच्याकडे.”

दुसऱ्या दुपारी सांगितलं, तिकिटं संपली. “माझी खुर्ची?” “पुढच्या रांगेत पण माणसं उभी आहेत.” मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, “बरं झालं. सिनेमा चालतोय.” आणि केसात खोचलेला कंगवा काढून, घातलेली चांगली साडी बदलायला आत गेल्या.

तिसऱ्या दिवसासाठी माझ्याकडे थाप तयार होती, पण मालक मध्ये आले. कुणीतरी त्यांना म्हणालं, खुन्याचे कपडे शिवणाऱ्या बाई अजून हयात आहेत, त्यांचा सत्कार करा. मालक स्वतः जाऊन मावशींना हाताला धरून घेऊन आले, मधल्या रांगेत बसवलं आणि वीस मिनिटं भाषण केलं. त्यात पंधरा मिनिटं नवीन मशीनबद्दल. मी जिन्यात त्यांना गाठलं.

“मालक, चौथ्या रिळात... म्हणजे मधे, त्यांच्या मुलीला मारतात.”

“अगं, सगळ्यांनाच मारतात. सिनेमाच तसला आहे. लाव तू.”

लावला. सव्वा तासाने भिंगरी त्या खोलीपाशी आली, दार लोटलं, आणि मी केबिनमधल्या स्पीकरचं बटण पूर्ण खाली केलं. काचेतून खालीही बघितलं नाही. भिंतीवर आग विझवायचं नळकांडं टांगलेलं आहे, त्यावरच्या सूचना एक ते सात वाचल्या. पुन्हा एक ते सात. तोवर दीड मिनिट सरलं असणार.

खेळ संपला, दिवे लागले, लोक हसतखिदळत गेले. मावशी जागच्या उठल्या नाहीत. मी धावत खाली गेले.

“मावशी, चला. चहा घेऊ.”

“ऐकलंस?” त्या म्हणाल्या.

“काय?”

“भिंगरी. गुणगुणत होती.” त्यांचा हात माझ्या मनगटावर आला. “रिबिनी बांधताना. अगं, ते आमचं आहे. मशीन चालवताना म्हणायचो आम्ही, पायाच्या ठेक्यावर. त्याला शब्दपण नाहीत. आणि मग रिबीन सुटली तेव्हा म्हणाली, ‘बस ना गं बाई नीट.’ तिचाच आवाज! बेडकासारखा! ती अशीच बोलायची सुईशी, कात्रीशी. ते कुणी सांगितलेलं नव्हतं तिला.”

पाठमोरी होती ना ती. ओठ दिसत नाहीत, म्हणून तेवढ्यापुरतं डब करायची तसदी कुणी घेतली नसणार. किंकाळी त्या गोड बाईची. पण त्याच्या आधीचं सगळं भिंगरीचं. आणि टेबलावर, भिंगाखाली, फिल्म मुकी असते. मी कापलं तेव्हा मला फक्त एक पाठ दिसली होती.

“तू ऐकलंस ना?” त्यांनी पुन्हा विचारलं. “ते वर जाऊन मग कसं खाली येतं? मधलंच निसटतंय मला.”

“नाही ऐकलं. मी आवाज बंद केला होता.”

“का?” पण उत्तराला थांबल्या नाहीत. “जाऊ दे. पुन्हा लाव. तेवढंच लाव.”

“लागत नाही, मावशी. पाचला किल्ली बंद झाली. चालू असलेला खेळ तेवढा पुरा होऊ दिला मशीनने. आता उघडतच नाही.”

“मग जुनी रिळं लाव. दुसरीकडे कुठे नेऊन लाव.”

“त्यात ते नाही.”

“कसं नाही?”

तेव्हा सांगितलं. टेबल, भिंग, कुऱ्हाड, दार, सगळं. मावशी ऐकत होत्या, पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत.

“तिला मारतात हे मला माहीत नव्हतं होय?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “केसांत तो रंग घेऊन घरी आली होती पोरगी. तीन वेळा न्हाऊ घातलं, तेव्हा निघाला. हसत होती. म्हणाली, ‘आई, मी मेले बघ किती छान.’” पुढच्या खुर्चीची उसवलेली शिवण बोटाने चाचपली. “मी समजत होते, दिग्दर्शकाने कापलं. तिचं काम आवडलं नसेल त्याला. अठरा वर्षं तसंच समजत होते मी. म्हणून तर तुला सांगायचे, सुटली म्हणून. काहीतरी बोलायला हवं ना.”

मला बसवेना आणि उभंही राहवेना.

“तो कापलेला तुकडा?”

“डब्यात होता. मग त्याला आंबट वास यायला लागला, फिल्म कुजली की येतो तसा. टाकला.”

“परवा मशीन बिघडलं नव्हतं.”

“नाही.”

“काल तिकिटं होती.”

“होती.”

“म्हणजे तीनदा ऐकता आलं असतं.” हे त्या मला म्हणाल्या नाहीत. बोटांवर हिशोब करावा तसं स्वतःशीच.

“मी कंपनीला पत्र लिहिते, मावशी. आजच. किल्ली पुन्हा मागते. माझी चूक झाली, मला वाटलं तुम्हाला बघवणार नाही, मी खरंच...”

“लिही,” त्या म्हणाल्या. “पण आत्ता गप्प बस. तुझा आवाज त्याच्यावर चढतोय.”

त्यांनी डोळे मिटले. उजव्या पायाचा चवडा चपलेत वरखाली व्हायला लागला. ओठ हलत होते. अर्धी ओळ आली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून. घसा खाकरायचंही माझं धाडस होईना.

तेवढ्यात मागून झाडूवाल्या दादांच्या बादलीचा खणखणाट. चपलांचा आवाज नको म्हणून त्या तिथेच सोडून मी अनवाणी पळाले, आणि त्यांना हातानेच थोपवलं. “अहो बाई, सहाचा खेळ आहे...” “बाहेर,” मी नुसते ओठ हलवले. पडद्यामागे जाहिरातींची गाणी आपोआप सुरू व्हायच्या बेतात होती. भिंतीवरची विजेची पेटी उघडून मुख्य बटणच पाडलं. पंख्यांची घरघर बंद झाली. छतातल्या जाळीतून येणारी वाऱ्याची सरसरही थांबली. एवढं शांत थिएटर मी अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

मग बाहेर येऊन दार हळूच लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. समोर सहाच्या खेळाची रांग. एका काकांनी घड्याळ दाखवलं. एका बाईच्या कडेवरचं मूल किरकिरायला लागलं, तिने ते मागे नेलं. मालक लांबूनच हातवारे करत येत होते, “काय झालं? दिवे का गेले?” आणि त्यांचा आवाज मुळातच मोठा. मी तोंडावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी माझं ऐकलं.

दाराच्या लाकडातून काही ऐकू येत नव्हतं. मी कानही लावला नाही. ते माझं नव्हतं.

“किती वेळ लागेल?” रांगेतून कुणीतरी कुजबुजत विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी पाठ आणखी घट्ट टेकवली.